लवकर पोहोचण्याचाही दंड

व्यापारी घराण्यांत वाहनाची पहिली ओळख झाली ती माल वाहणारे साधन म्हणून. बैलगाडीतून कापूस मोंढ्यावर आला. पुढे मालमोटारीतून हळद आणि सोयाबीन परप्रांतात जाऊ लागले. घरातील मोटार घेतली गेली ती वसुलीसाठी, लग्नकार्यासाठी आणि तीर्थयात्रेसाठी. याहून वेगळा असा काही गाडीचा उपयोग असू शकतो, हे जुन्या पिढीच्या ध्यानीमनीही नव्हते. नव्या पिढीचे तसे नाही. पुण्या-मुंबईत शिकून परतलेला मुलगा इंजिनाच्या शक्तीविषयी आणि टायरच्या पकडीविषयी अधिकाराने बोलतो, एखाद्या मोटार क्लबच्या रॅलीत नाव नोंदवण्याची परवानगी मागतो, आणि घरात प्रश्न उभा राहतो. आजोबांना त्यात पैशाचा अपव्यय दिसतो, वडिलांना पेढीच्या वेळेचा, आणि आईच्या मनाला जिवाचा घोर लागतो.

या तिघांपैकी आईची शंका सर्वांत गंभीर आहे. म्हणूनच तिचे उत्तर आधी शोधले पाहिजे.

रस्ता आला, शिस्त मागे राहिली

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवर वसला आहे. अकोल्याहून वाशिम, हिंगोली, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६१ या जिल्ह्याच्या मधून जातो. शेजारच्या वाशिम जिल्ह्यातून ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्ग गेला आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरीपुढील शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. मोटारींसाठी तेथील वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ज्या जिल्ह्यातील माणसाला पूर्वी मुंबईला जायचे तर रात्र रेल्वेत काढावी लागे, त्याच्या उंबरठ्याजवळ आता राज्यातील सर्वांत वेगवान रस्ता आला आहे.

वेगाची हौस असलेल्या तरुणाला हा रस्ता खुणावतो, यात नवल नाही. परंतु याच महामार्गावर १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. सरळ, सपाट, काँक्रीटच्या रस्त्यावर तासन्‌तास एका लयीत गाडी चालवताना चालकाचे भान बोथट होते, टायर तापतात, आणि चूक सावरायला क्षणही उरत नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३३ मीटर पुढे गेलेली असते. धोका दिसणे आणि पाय ब्रेकवर पडणे यांत जाणारा एक सेकंद एवढे अंतर खाऊन टाकतो. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडी थांबवण्यासाठी खर्च करावी लागणारी ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६० वर जेवढ्या अंतरात ब्रेक गाडी थांबवतात, त्याच्या चौपट अंतर ताशी १२० वर लागते.

जिल्ह्याच्या आतील रस्ते तर याहूनही बेभरवशाचे. हळदीच्या हंगामात वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात पोती घेऊन निघालेले ट्रॅक्टर, महाशिवरात्रीला औंढा नागनाथाकडे पायी जाणारे भाविक, नर्सीला नामदेवांच्या दर्शनाला निघालेल्या दिंड्या, संध्याकाळी घराकडे परतणारी गुरे, हे सारे त्याच डांबरी पट्ट्यावर असतात. तेथे ८० किलोमीटरचे अंतर ताशी ८० ऐवजी १०० च्या वेगाने कापले तर साठ मिनिटांऐवजी अठ्ठेचाळीस लागतात. बारा मिनिटांच्या या नफ्यासाठी कोणती जोखीम पत्करली जाते, याचा हिशोब कोणत्याही जमाखर्चात बसणार नाही.

म्हणजे वेगाची हौस धरूच नये काय? हौस दडपली की ती नाहीशी होत नाही. ती रात्री अकरानंतर मित्रांच्या पैजेच्या रूपाने महामार्गावर उतरते. तिला जागा, वेळ आणि नियम देणे, यासाठीच मोटार क्लब नावाची संस्था जगभर जन्माला आली.

क्लबांनी शिकलेला धडा

अमेरिकेत १९४४ मध्ये काही हौशी मंडळींनी ‘स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका’ स्थापन केला. जुन्या, देखण्या क्रीडा-मोटारी जपणे आणि त्या एकत्र घेऊन फिरणे, एवढाच त्याचा मूळ हेतू होता. युद्ध संपल्यावर शर्यतींची इच्छा बळावली. २ ऑक्टोबर १९४८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन या खेड्याच्या रस्त्यांवरून शर्यत धावली. दुकानांसमोरून मोटारी जात आणि लोक पायरीवर उभे राहून पाहत. १९५२ मध्ये त्याच गावात एक मोटार प्रेक्षकांना घासून गेली. अनेक जण जखमी झाले आणि सात वर्षांचे एक मूल दगावले. गावातील रस्त्यावरची शर्यत तेथेच संपली. पुढे १९५६ मध्ये गावाबाहेर स्वतंत्र धावपट्टी बांधली गेली. मधल्या काळात अशा अनेक शर्यती लष्करी विमानतळांच्या धावपट्ट्यांवर नेण्यात आल्या.

युरोपला हाच धडा अधिक मोठ्या किमतीने मिळाला. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार उडून प्रेक्षकांत शिरली आणि ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. स्वित्झर्लंडने त्यानंतर धावपट्टीवरील शर्यतींवर बंदीच घातली. दोन वर्षांनी इटलीतील सार्वजनिक रस्त्यांवरून धावणारी ‘मिले मिलिया’ ही हजार मैलांची शर्यतही अशाच प्राणघातक अपघातानंतर बंद झाली.

आज अमेरिकेतील त्या क्लबच्या शंभराहून अधिक प्रादेशिक शाखा आहेत आणि त्यांच्या कार्यक्रमांत मोठा वाटा शर्यतींचा नसून ‘ऑटोक्रॉस’चा आहे. मोकळ्या मैदानावर किंवा वाहनतळावर रबरी शंकू मांडून वळणावळणाची वाट आखली जाते. एका वेळी एकच मोटार सोडली जाते. शेजारी प्रतिस्पर्धी नाही, समोरून वाहन नाही; लढत केवळ घड्याळाशी. शंकूला धक्का लागला की वेळेत दंडाचे सेकंद वाढतात. वेग साधारणतः महामार्गावरील वेगापेक्षा अधिक होत नाही. कस लागतो तो चालकाच्या हाताचा आणि नजरेचा. गाडी घसरू लागली तर काय करावे, हे शिकण्याची ही सर्वांत निर्धोक शाळा मानली जाते. रोजच्या वापरातील घरची मोटारही तेथे चालते.

महाराष्ट्रातील परंपरा

हे सारे परदेशातून नुकतेच आले, असे मानण्याचे कारण नाही. ‘मोटर युनियन ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेने १९०४-०५ च्या हिवाळ्यात दिल्ली ते मुंबई अशी मोटारींची कसोटी घेतली होती. त्या काळी प्रश्न कोण पहिला येतो हा नव्हता. यंत्र एवढ्या लांब टिकते का, हा होता. १९१९ मध्ये मुंबईत ‘वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन’ स्थापन झाली. वाहनधारकांना रस्त्यावर मदत, प्रवासाची माहिती, वाहतुकीच्या नियमांचा प्रसार आणि सदस्यांसाठी रॅली, असे तिचे काम आहे. केवळ महिलांसाठी मुंबईहून आंबी व्हॅलीकडे जाणारी तिची रॅली प्रसिद्ध आहे. तिच्यात गृहिणी, व्यावसायिक, विद्यार्थिनी अशा सर्व थरांतील स्त्रिया भाग घेतात.

मोटार बनवण्याच्या इतिहासात तर समाजातीलच एका पुरुषाचे नाव अग्रभागी आहे. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी जहाज आणि विमान यांच्याबरोबर मोटारीचेही स्वप्न पाहिले. १९४४ मध्ये त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून मोटार बाहेर पडली. पुढे याच कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली आणि तिचेच नाव कालांतराने ‘पद्मिनी’ झाले. मुंबईकरांना ती टॅक्सी म्हणून आठवते. परंतु हौशी चालकांनी तिचे इंजिन खुलवून, वजन कमी करून ती शर्यतीतही उतरवली. परदेशी क्रीडा-मोटार आयात करणे जवळजवळ अशक्य होते, त्या दशकांत भारतीय मोटार-क्रीडेचा भार फियाट आणि अँबेसेडर यांनीच वाहिला.

मद्रासच्या क्लबने १९५० च्या दशकात शहराजवळच्या शोलावरम येथील युद्धकालीन विमानतळाच्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या. १९९० मध्ये चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे कायमची धावपट्टी झाली. १९७० च्या दशकाच्या आरंभी देशभरातील क्लबांचा महासंघ स्थापन झाला. ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया’ हे त्याचे नाव. स्पर्धकांचे परवाने, नियम आणि पंच यांची व्यवस्था तोच पाहतो. १९८० मध्ये सुरू झालेल्या हिमालयन रॅलीमागे मुंबईच्या नाझीर हुसेन यांचे परिश्रम होते.

महाराष्ट्रात नाशिकच्या परिसराने राष्ट्रीय रॅली-स्पर्धेच्या फेऱ्या पाहिल्या आहेत. कोल्हापुरात लहान गोकार्ट गाड्यांची धावपट्टी उभी राहिली. ध्रुव मोहिते आणि कृष्णराज महाडिक हे चालक त्याच कोल्हापुरातून पुढे आले. मुंबईत जुन्या मोटारी जपणाऱ्यांचा क्लब आहे. शिस्तीने निघणाऱ्या त्याच्या मिरवणुका पाहायला रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी राहतात. हिंगोलीहून निघणाऱ्या हौशी तरुणाच्या वाटेवर हीच नाशिक, पुणे, मुंबई आणि कोल्हापूरची ठिकाणे येतात.

घड्याळाची रॅली

व्यापारी कुटुंबातील नवशिक्याने आरंभ करावा तो वेळ, वेग आणि अंतर यांच्या रॅलीने. क्लबांच्या वर्तुळात तिला ‘टीएसडी’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. रस्ता सर्वांसाठी खुला असतो, वाहतुकीचे सारे नियम लागू असतात आणि आयोजकांनी ठरवून दिलेला सरासरी वेग कायदेशीर मर्यादेच्या बराच खाली असतो. निघण्यापूर्वी प्रत्येक जोडीला एक मार्गपत्रिका मिळते. तिच्यात गावांची नावे क्वचितच असतात. असतात ती छोटी चित्रे: येथे तिठा, येथे पूल, येथे डावीकडे वळण, आणि प्रत्येक चित्रापुढे अंतर. वाटेत कोठे तपासणी-नाका असेल, हे कोणालाच सांगितलेले नसते. नाक्यावर गाडी नेमकी ज्या सेकंदाला पोहोचायला हवी, त्या सेकंदाला पोहोचणे, एवढीच स्पर्धा.

उदाहरण घेतले की तिची गंमत कळते. सकाळी आठ वाजता गाडी सुटली. पहिल्या ७.२ किलोमीटरसाठी ताशी ३६ चा सरासरी वेग दिला आहे. ताशी ३६ म्हणजे शंभर सेकंदांत एक किलोमीटर. तेव्हा हा टप्पा ७२० सेकंदांचा, म्हणजे बारा मिनिटांचा झाला. पुढील ५.५ किलोमीटर ताशी ४५ ने जायचे आहेत. तेथे किलोमीटरला ऐंशी सेकंद लागतात. एकूण ४४० सेकंद, म्हणजे सात मिनिटे वीस सेकंद. नाका या टप्प्याच्या शेवटी असेल तर गाडी तेथे आठ वाजून एकोणीस मिनिटे वीस सेकंदांनी पोहोचली पाहिजे. दुसऱ्या टप्प्याच्या तोंडाशी उसाच्या ट्रॅक्टरमागे चाळीस सेकंद गेले, असे समजा. नवखा चालक घाबरून गाडी ऐंशीवर नेतो. शहाणा जोडीदार शेजारी बसून हिशोब करतो: ५.५ किलोमीटर ४४० ऐवजी ४०० सेकंदांत जायचे, तर वेग ताशी ४९.५ पुरे. चाळीस सेकंदांची तूट भरून काढायला ताशी साडेचार किलोमीटरची वाढ पुरते. रस्त्यावरील बहुतेक घाई अनावश्यक असते, हे या आकडेमोडीइतके स्पष्ट क्वचितच कशाने कळेल.

या खेळाचा खरा मर्म दंडाच्या नियमात आहे. उशीर झाला तर दर सेकंदाला दंड, हे कोणालाही पटेल. परंतु लवकर पोहोचले तरी दंड होतो, आणि बहुतेक स्पर्धांत तो उशिराच्या दंडापेक्षा जास्त असतो. ज्या हौसेवर बेफाम वेगाचा आरोप होतो, तिच्याच नियमपुस्तकात वेळेआधी पोहोचणे हा मोठा दोष मानला आहे.

या रॅलीत चालकाइतकेच महत्त्व शेजारी बसलेल्या मार्गदर्शकाला असते. पत्रिका वाचणे, अंतरमापकाची चूक दुरुस्त करणे, सेकंदांचा ताळमेळ राखणे आणि चालक चिडला तरी आवाज न चढवणे, हे त्याचे काम. रोजमेळ दर रात्री एका पैशाच्या फरकाशिवाय जुळवण्याची सवय ज्या घरात आहे, तेथील सून किंवा मुलगी या जागी सहज रमते. पती-पत्नी, बाप-लेक, बहीण-भाऊ अशा जोड्या या रॅलींत नेहमी दिसतात. दिवसभर एका गाडीत बसून, चूक झाल्यावर दोष न देता पुढचे वळण शोधणे, हा कुटुंबालाही उपयोगी असा अभ्यास आहे.

जेथे वेग खरा असतो

यापुढची पायरी बंद रस्त्यावरील रॅलीची आणि धावपट्टीवरील शर्यतीची. तेथे वेग खरा असतो आणि म्हणूनच नियमही कठोर. स्पर्धकाला महासंघाचा परवाना काढावा लागतो. स्पर्धेपूर्वी गाडीची तांत्रिक तपासणी होते: आतून लोखंडी नळ्यांचा पिंजरा, खांद्यावरून येणारे पट्टे, अग्निशामक, घट्ट बांधलेली बॅटरी, प्रमाणित शिरस्त्राण, न पेटणारे कपडे. यांतील एक वस्तू कमी असली तरी गाडी परत पाठवली जाते. तेथे ओळख, प्रतिष्ठा किंवा देणगी यांचा उपयोग होत नाही. वळणावळणावर पंच उभे असतात. पिवळे निशाण म्हणजे पुढे धोका, कोणाच्याही पुढे जाऊ नका. लाल म्हणजे शर्यत थांबली. रुग्णवाहिका आणि डॉक्टर जागेवर असल्याखेरीज पहिली गाडी सुटत नाही.

रॅलीच्या नियमांत एक कलम असे आहे की ते प्रत्येक वाहनचालकाने पाठ करावे. प्रत्येक गाडीत एक फलक असतो. अपघात होऊन गाडी थांबली आणि आतील माणसे सुखरूप असतील तर फलकाची ‘ओके’ बाजू मागून येणाऱ्यांना दाखवायची. मदत हवी असेल तर ‘एसओएस’ची. मदतीची खूण पाहिल्यावर मागच्या स्पर्धकाने थांबलेच पाहिजे, मग तो पहिल्या क्रमांकावर का असेना. जो थांबत नाही, तो शिक्षेला पात्र ठरतो. जिंकण्यासाठी निघालेल्या माणसाला परक्याच्या जिवासाठी स्वतःची वेळ सोडायला लावणारा हा नियम आहे. सार्वजनिक रस्त्यावर अपघातग्रस्ताजवळून काच वर करून निघून जाणाऱ्यांनी तो ध्यानात घेण्यासारखा आहे.

स्पर्धेत न उतरताही क्लबच्या कामात भाग घेता येतो, हे अनेकांना ठाऊक नसते. वेळ नोंदवणारे, निशाण दाखवणारे, मार्ग आखणारे, निकाल मांडणारे असे पुष्कळ स्वयंसेवक प्रत्येक स्पर्धेला लागतात. ज्या घरातून अजून चालवायला परवानगी मिळालेली नाही, त्या घरातील मुलाने एक वर्ष स्वयंसेवक म्हणून काढावे. नियम कोणत्या प्रसंगातून जन्माला आले, हे त्याला तेथे कळते.

कायदा आणि विमा

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये एका महागड्या क्रीडा-मोटारीच्या धडकेत दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू झाला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. पुढे त्याच्या पालकांवरही कारवाई झाली. या घटनेने साऱ्या राज्यातील सधन कुटुंबांना आरसा दाखवला. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९९-अ प्रत्येक घरात वाचले जावे. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही. किल्ली कपाटात ठेवणे ही बापाची कायदेशीर जबाबदारी आहे.

त्याच कायद्याचे कलम १८९ शर्यतीविषयी आहे. राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. चार मित्रांनी रविवारी पहाटे महामार्गावर लावलेली पैज याच कलमात येते. भ्रमणध्वनीवरील एखाद्या गटाला ‘क्लब’ असे नाव दिल्याने तिला मान्यता मिळत नाही.

विम्याकडे तर व्यापाऱ्याचे लक्ष सर्वांत आधी जायला हवे. खासगी मोटारीच्या नेहमीच्या विमापत्रात ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली आयोजित शर्यत, वेगाची चाचणी आणि टिकाऊपणाची कसोटी हे उपयोग वगळलेले असतात. म्हणजे रॅलीत गाडी उलटली तर कंपनी भरपाई नाकारू शकते. अशा कार्यक्रमांसाठी वेगळे संरक्षण मिळते का, हे कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे. गाडीत केलेल्या फेरबदलांनाही हेच लागू होते: रुंद टायर, बदललेले इंजिन, मोठा आवाज करणारी धूरनळी यांची नोंद वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात आणि विमापत्रात नसेल, तर अपघाताच्या दिवशी दोन्ही कागद निरुपयोगी ठरण्याचा धोका असतो.

खर्च आणि मर्यादा

आजोबांचा आक्षेप अजून उरला आहे. मोटार-क्रीडा महागडी आहे, हे खरे. बंद रस्त्यावरील रॅलीची गाडी तयार करणे, तिचे टायर, यांत्रिक, वाहतूक आणि दुरुस्ती यांत पैसा पाण्यासारखा जातो आणि परत काही येत नाही. परंतु घड्याळाच्या रॅलीला दारात उभी असलेली गाडी पुरते. ऑटोक्रॉसलाही ती चालते. फक्त टायर आणि ब्रेक उत्तम हवेत. क्लबचे सदस्यत्व घ्यायला क्रीडा-मोटार विकत घ्यावी लागते, हा समज दुकानदारांनी पसरवला आहे, क्लबांनी नव्हे.

परिग्रहाचा प्रश्न समाजात निघणे स्वाभाविक आहे आणि तो टाळू नये. गाडी मिरवण्यासाठी घेतली, तर ती कितीही वेगवान असली तरी पुढच्या वर्षी जुनी होते आणि मन आणखी मोठ्या गाडीकडे धावते. कौशल्याचे तसे होत नाही. ते साध्या गाडीतही वाढते आणि वयाबरोबर संयमाची जोड मिळून अधिक चांगले होते. म्हणून घरात आरंभीच मर्यादा ठरवावी: वर्षाला किती कार्यक्रम, किती रक्कम आणि पेढीचे कोणते दिवस सुटीचे नाहीत. हळदीच्या आवकेचा हंगाम आणि पर्युषण यांत कार्यक्रम नको, असे ठरवण्यात मुलाचेही काही बिघडत नाही. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांनी आयोजकांना आधी कळवावे आणि खाकरा, चिवडा, उकळलेले पाणी गाडीत ठेवावे. दिवसाच्या रॅली बहुधा संध्याकाळपूर्वी संपतात. रात्रीच्या टप्प्यांत भाग न घेण्याचा पर्याय नेहमीच असतो.

होकार देण्यापूर्वी

मुलाने परवानगी मागितली तर बापाने सहा गोष्टी विचाराव्यात. आयोजक क्लब महासंघाशी संलग्न आहे का आणि कार्यक्रमाला प्रशासनाची लेखी संमती आहे का? नियमपुस्तक छापील मिळते का? तांत्रिक तपासणी कोण करतो? डॉक्टर आणि रुग्णवाहिका कोठे उभी असेल? विम्याची व्यवस्था कोणती? आणि रस्ता खुला असेल तर सरासरी वेग किती ठरवला आहे? या सहांची उत्तरे ज्या मुलाला देता येतात, त्याने विषयाचा अभ्यास केला आहे, असे समजावे. ज्याला देता येत नाहीत, त्याने आधी ती घेऊन यावीत.

आणि आईने एक गोष्ट पाहावी: पहिल्या रॅलीहून परतल्यावर तो गाडी कशी चालवतो. खेळाने शिस्त शिकवली असेल, तर बाजारात पाव किलोमीटरवर जाण्यासाठीही तो पट्टा बांधील, समोरच्या ट्रॅक्टरमागे न चिडता थांबेल आणि ‘पाच मिनिटांत पोहोचतो’ असे म्हणणे सोडून देईल. तसे दिसले तर पुढच्या वेळी त्याच्या शेजारी पत्रिका घेऊन बहिणीने बसावे. तसे न दिसले, तर किल्ली काही काळ कपाटातच राहिलेली बरी.